वेगळे ठेवायचे कोणाला?

आमच्या खोलीतील कॅमेऱ्यावर माझी आई रोज दुपारी फडका टाकीत असे. मी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मोबाईल उघडून पाहावे, तर समोर नुसता काळोख. पहिल्या दिवशी मला वाटले, यंत्र बिघडले. दुसऱ्या दिवशी वाटले, वीज गेली असेल. तिसऱ्या दिवशी शेजारच्या ताईंना फोन करून पाहायला पाठविले, तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "भाऊ, काही झालेले नाही. आजींनी त्याच्या डोक्यावर फडका टाकलाय."

मी त्या रात्री आईवर रागावलो. रागावण्याचे कारणही होते. मागच्या वर्षी पावसाळ्यात ती मोरीत पाय घसरून पडली आणि जवळजवळ तासभर तशीच पडून राहिली. मी कचेरीत, पत्नी कामावर, मुलगा कॉलेजात. त्यानंतर मी दीड हजार रुपये खर्चून हा फिरत्या डोक्याचा कॅमेरा आणला. कुठूनही मोबाईलवर आई दिसावी, एवढाच हेतू. आणि तिने त्यावरच फडका टाकावा?

आई म्हणाली, "मानूस तरी पापनी मिटतंय. ह्यो डोळा झाकतच न्हाई. मी लुगडं बदलायचं कुठं?"

मी म्हणालो, "अगं, मीच तर पाहतो. दुसरे कोण पाहणार?"

आई गप्प बसली. मलाही आपण मोठा बिनतोड मुद्दा मांडला असे वाटले. तो मुद्दा किती पोकळ होता, हे कळायला मला पुढे चार महिने लागले. तीच हकिगत आज लिहीत आहे. कारण माझ्या घरात जे घडले, ते थोड्याफार फरकाने आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडत असणार.

आम्ही कल्याण पूर्वेला चाळीत राहतो. मी खाजगी कंपनीत हिशेब विभागात कारकून आहे. २०२० साली टाळेबंदी लागली, शाळा मोबाईलवर आल्या, तेव्हा आमच्या मजल्यावर एकाही घरात वायफाय नव्हते. मुलांच्या हातात वडिलांचा फोन आणि त्यात दिवसाला पुरेल न पुरेल एवढा नेटचा साठा. आम्ही उभयतांनी विचार केला आणि घरात वायफायचे कनेक्शन घेतले. पासवर्ड मी स्वतः खडूने गॅलरीतल्या भिंतीवर लिहिला. दहा-बारा पोरे आमच्या दारासमोर ओळीने बसून शिकत असत. त्यांतील एक मुलगी आज नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या भिंतीवरचा खडू कधीच पुसला गेला, पण पासवर्ड तोच राहिला आणि तो सर्वांना पाठ होता. याचा मला अभिमान होता व आजही आहे.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर घरात एकेक वस्तू येत गेली. मुलाने हप्त्यावर स्मार्ट टीव्ही घेतला. पत्नीने मोबाईलवरून लागणारा दिवा आणला. मग आईसाठी हा कॅमेरा. "स्मार्ट होम" हा शब्द जाहिरातीत ऐकला की मोठ्या लोकांचे बंगले डोळ्यांसमोर येतात. पण आपल्या दहा बाय पंधराच्या खोलीतही ते स्मार्ट होम कधी येऊन बसले, हे आपल्याला समजलेले नाही.

याच खोलीत कोपऱ्यात माझा जुना कॉम्प्युटर आहे. दर वर्षी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतील मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरून देतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपल्या मुलांच्या हक्काची. पण एक दाखला चुकीचा चढला की अर्ज परत येतो आणि वर्ष हातचे जाते. म्हणून आम्ही प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, गुणपत्रिका आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान स्कॅन करून ठेवतो. गेल्या वर्षी अशी त्रेचाळीस मुले होती. दोन तरुण कार्यकर्ते आपापल्या लॅपटॉपवरून कागद थेट माझ्या कॉम्प्युटरमध्ये टाकीत. त्यासाठी मी तो फोल्डर वायफायवर सर्वांना खुला करून ठेवला होता. पासवर्ड विचारला की पोरे अडतात, म्हणून तोही काढून टाकलेला.

आता भाच्याची गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा कार्यालयांतून नेटवर्क बसविण्याचे काम करतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो आजीला भेटायला आला. चहा पिता पिता त्याने विचारले, "मामा, तुमच्या वायफायवर यंत्रे किती आहेत?"

मी बोटे मोजून म्हणालो, "सहा-सात असतील."

त्याने आपल्या मोबाईलवर एक ॲप उघडले. त्यात नावांची यादी खाली सरकू लागली. एकूण एकोणीस निघाली. टीव्ही, दिवा, कॅमेरा, आमचे फोन, कॉम्प्युटर, शेजाऱ्यांचे फोन, आणि तीन अशी की ती कोणाची हे आम्हाला सांगता येईना. पासवर्ड पाच वर्षे तोच असल्यावर दुसरे काय होणार?

मग त्याने त्या यादीतल्या कॅमेऱ्यावर बोट ठेवले. यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारला. त्याने दोन्ही जागी 'ॲडमिन' हाच शब्द टाकला. कॅमेरा उघडला. त्याच्या फोनवर आमची खोली दिसू लागली. खाटेवर बसलेली त्याची आजी दिसू लागली. माझे ॲप नाही, माझा पासवर्ड नाही, मला विचारणे नाही. त्याने ताबडतोब ते बंद केले आणि मान खाली घातली. त्यालाही लाज वाटली.

मग म्हणाला, "मामा, हा 'स्कॉलरशिप' नावाचा फोल्डर कसला आहे?"

तो फोल्डरही त्याच्या फोनवर उघडला. मुलांची नावे, त्यांचे आधार क्रमांक, त्यांच्या आयांच्या पासबुकांची पाने. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. ही माणसे बँकेच्या खिडकीवर कागद देतानाही दहा वेळा विचारतात आणि माझ्या हातात विश्वासाने देतात. ते कागद मी जवळजवळ गॅलरीतच मांडून ठेवले होते. तीन अनोळखी यंत्रांपैकी कोणी ते उघडले होते की नाही, याची नोंद माझ्या कॉम्प्युटरवर नव्हती.

भाच्याने जे समजावून सांगितले, ते मला कळले तसे मांडतो. राऊटर म्हणजे घराचा दरवाजा, असे आपण समजतो. बाहेरच्याला तो बऱ्याच अंशी अडवितो, हे खरे. पण दरवाजाच्या आत एकदा यंत्र आले की आतली सगळी यंत्रे एकमेकांना पाहू शकतात, एकमेकांचे दार ठोठावू शकतात. फोन आणि कॉम्प्युटर यांना वरचेवर सुरक्षेच्या दुरुस्त्या येत असतात. स्वस्त कॅमेरा, दिवा, प्लग यांना त्या येतातच असे नाही. कित्येकदा कारखान्यातून निघाल्यापासून ते यंत्र जसेच्या तसे असते. अशा एका कच्च्या यंत्रात बाहेरचा माणूस शिरला, तर तेथून तो हळूच कॉम्प्युटरकडे वळू शकतो. म्हणजे चोराला दाराचे कुलूप फोडावे लागत नाही. मोरीची खिडकी पुरते.

हे काल्पनिक नाही. २०१६ साली 'मिराई' नावाचा एक घातक प्रोग्राम जगभर पसरला. तो इंटरनेटवर कॅमेरे, त्यांचे रेकॉर्डर आणि राऊटर शोधीत फिरे आणि कारखान्यात दिलेली साठेक नावे-पासवर्ड एकामागून एक लावून पाही. जे यंत्र उघडे, ते त्याचे गुलाम होई. अशा यंत्रांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला चढविला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या मोठमोठ्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. ज्यांच्या घरचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यांना पत्ताही नव्हता. मिराई रचणाऱ्या तीन अमेरिकन तरुणांनी २०१७ च्या डिसेंबरात न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण त्याआधीच तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला करण्यात आला होता, त्यामुळे त्याची पिलावळ पुढेही चालू राहिली.

दुसरा दाखला २०१७ चाच. उत्तर अमेरिकेतील एका जुगारगृहात शोभेचा मत्स्यालय होता. पाण्याचे तापमान व माशांचे खाणे सांभाळण्यासाठी तो इंटरनेटला जोडलेला होता. चोर त्या मत्स्यालयातून आतल्या जाळ्यात शिरले आणि सुमारे दहा गिगाबाइट माहिती फिनलंडकडे वळवून नेली, असे डार्कट्रेस या सुरक्षा कंपनीने जाहीर केले. तिजोरीवर पहारे होते, माशांकडे कोणाचे लक्ष नव्हते.

आणि हे सगळे परदेशातच घडते, असे समजून निर्धास्त राहू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधील एका प्रसूती रुग्णालयातील कॅमेऱ्यांचे, स्त्रियांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघडकीस आले. पोलिसांनी ज्यांना अटक केली, त्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. ही बातमी मी वाचली होती. वाचून हळहळलोही होतो. पण तिचा संबंध माझ्या आईच्या फडक्याशी आहे, हे माझ्या डोक्यात आले नव्हते.

भाच्याने त्याच दुपारी इलाज केला. इलाजाला पैसा लागला नाही. बहुतेक राऊटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते. राऊटर एकच, पण तो दोन नावांनी वायफाय सोडतो. दोन्ही नावांवर इंटरनेट मिळते. मात्र दुसऱ्या नावावर असलेल्या यंत्राला पहिल्या नावावरची यंत्रे दिसत नाहीत. दिवा, टीव्ही, कॅमेरा दुसऱ्या नावावर टाकायचे. कॉम्प्युटर आणि बँकेचे व्यवहार होणारा फोन पहिल्यावर ठेवायचा. एखाद्या दिव्यात कोणी शिरलाच, तर तो दिव्यापाशीच अडकतो. अमेरिकेच्या एफबीआयच्या पोर्टलंड येथील कार्यालयानेही डिसेंबर २०१९ मध्ये लोकांना हाच सल्ला दिला होता, की घरातील फ्रिज आणि लॅपटॉप एका जाळ्यावर ठेवू नका.

भाच्याने दुसऱ्या वायफायला 'पाहुणे' असे नाव दिले. टीव्ही, दिवा, कॅमेरा तिकडे. मजल्यावरच्या मुलांचे फोनही तिकडेच. आत फक्त आम्ही घरची माणसे. पहिल्या वायफायचा पासवर्ड बदलला. मला हायसे वाटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मुलांना नवा पासवर्ड सांगितला. शेजारच्या ताई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मुलाने फोनवर नाव वाचले, 'पाहुणे'. त्या सहज बोलल्यासारख्या बोलल्या, पण त्यांचा चेहरा सहज नव्हता. म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला वेगळ्या रांजणाला लावलं म्हणायचं."

त्या वाक्याने मी जागच्या जागी थिजलो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर बाजाराच्या गावी गेलो होतो. चहाच्या टपरीवर वडिलांनी वळचणीत खोचलेली कपबशी स्वतः काढली, स्वतः विसळली, चहा प्यायले, पुन्हा विसळून तेथेच खोचली. मी विचारले, "आपण ह्या टेबलावरची का नाही घेत?" त्यांनी उत्तर दिले नाही. पुढे मुंबईत आल्यावर त्यांनी घरात एक नियम केला. आपल्या घरी कोणीही येवो, कोणत्याही जातीचा येवो, कप एकच. तो नियम आम्ही आजवर पाळला. आणि ज्या ताईंनी आईला मोरीतून उचलले, त्यांच्या पोराला मी 'पाहुणे' म्हणून दुसऱ्या नावावर बसविले होते. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण टीव्ही, दिवा आणि शेजारची पोरे एका रांगेत, आणि आम्ही मात्र आत!

रात्री झोप लागली नाही. वेगळे ठेवणे या शब्दाचा आपल्या पिढ्यांना जो अनुभव आहे, तो राऊटर बनविणाऱ्याला नाही. त्याने केवळ सोय दिली. ती कशी वापरायची, हे ठरविणे माझ्याकडे होते, आणि मी विचार न करता भाच्याने केले ते मान्य केले.

पहाटे पहाटे एक गोष्ट ध्यानात आली. धोका कोणाला होता? मला नव्हता. माझा फोनही शेजाऱ्यांच्या फोनसारखाच एक फोन. खरा धोका होता तो त्या त्रेचाळीस मुलांच्या कागदांना. मग वेगळे ठेवायचे ते कागद, माणसे नव्हे. घरात दागिना असेल तर आपण तो पेटीत ठेवतो. शेजाऱ्याला दारात अडवीत नाही.

मी भाच्याला पुन्हा बोलावले. या खेपेला मांडणी उलटी केली. आता दुसऱ्या वायफायवर सर्वच आहेत. माझा मुलगा, पत्नी, पाहुणेरावळे, शेजारची पोरे, टीव्ही, दिवा, कॅमेरा आणि माझा रोजचा मोबाईल. पहिल्या वायफायवर फक्त तो कॉम्प्युटर आहे. अर्ज भरण्याच्या दिवसांत त्या दोन कार्यकर्त्यांचे लॅपटॉप तेवढे तेथे येतात, तेही पासवर्ड टाकून. फोल्डर आता खुला नाही. 'पाहुणे' हे नाव काढून 'अभ्यासिका' ठेवले. ताईंना मी सगळे सांगितले, चूक झाली असेही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे तुमचा पोरगा पण आमच्याच नावावर?" मी हो म्हणालो. तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग ठीक आहे. आणि माझ्या पोरीचे कागद नीट ठेवा."

येथे एक खबरदारी सांगितली पाहिजे. मुलांचे फोन आणि कॅमेरा एकाच नावावर असतील, तर मुलांना कॅमेरा दिसणार नाही का? यासाठी राऊटरमध्ये आणखी एक खूण असते. ती लावली की त्या नावावरची यंत्रेही एकमेकांना पाहू शकत नाहीत. प्रत्येकाला फक्त इंटरनेट मिळते. ती खूण आम्ही लावली आणि दुसऱ्या फोनवरून तपासून पाहिली. यादीत काही दिसले नाही. तोटा एवढाच, की मुलाच्या मोबाईलवरची गाणी आता टीव्हीवर जात नाहीत. त्याने दोन दिवस कुरकूर केली, मग टीव्हीतच गाणी लावू लागला.

ज्यांना हे आपल्या घरी करावयाचे आहे, त्यांच्यासाठी माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट, वायफायचा पासवर्ड आणि राऊटरचा पासवर्ड हे दोन वेगळे. राऊटरच्या आत जाण्याचा पासवर्ड पुष्कळ घरी कंपनीने दिलेलाच असतो. तो आधी बदला. नाहीतर वायफाय वापरणारा कोणीही आत जाऊन तुमची सगळी मांडणी उलटवू शकतो. राऊटरच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर पत्ता व मूळ पासवर्ड छापलेला असतो. स्वतःला जमत नसेल तर केबलवाल्याला समोर बसवून करून घ्या, पण नवा पासवर्ड तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट, गेस्ट नेटवर्क चालू करताना तेथे घरातील इतर यंत्रे पाहण्याची परवानगी विचारलेली असते. ती देऊ नये. काही राऊटरमध्ये ही सोय काही तासांनी आपोआप बंद होण्याची मुदत असते; ती मुदत काढली नाही तर मध्यरात्री कॅमेरा बंद पडतो. आमच्याकडे पहिल्या रात्री नेमके तेच झाले. आणि नुसते दुसरे नाव दिसले म्हणजे काम झाले असे नाही. गेस्टवर फोन जोडून कॉम्प्युटरचा फोल्डर उघडतो का, हे पाहा. उघडत असेल तर ते वेगळेपण नावापुरते आहे.

तिसरी गोष्ट, कॅमेरे, दिवे आणि प्लग यांतले पुष्कळसे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. गेस्ट नेटवर्कही त्याच पट्ट्यावर चालू करावे, नाहीतर यंत्र जोडलेच जात नाही आणि आपण यंत्राला दोष देत बसतो. जोडते वेळी आपला फोनही त्याच नावावर असावा. मंडळाच्या कार्यालयात किंवा विहारात असतो तसा तारेने जोडलेला रेकॉर्डर मात्र वायफायच्या गेस्टमध्ये जात नाही. त्याचा कारखान्याचा पासवर्ड बदलणे हे तेथले पहिले काम.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गेस्ट नेटवर्क कॉम्प्युटरला वाचविते, कॅमेऱ्याला नाही. कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्ड कच्चा असेल, तर त्याने पाहिलेले बाहेर जाऊ शकते, मग तो कोणत्याही नावावर असो. म्हणून तो पासवर्ड लांब आणि दुसरीकडे कोठेही न वापरलेला असावा. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्व यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकण्यास कायद्याने बंदी केली. आपल्याकडेही केंद्र सरकारने कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या अटी ठरविल्या असून, एप्रिल २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत. पण भिंतीवर आधीच टांगलेला कॅमेरा कायदा झाला म्हणून सुधारत नाही. कोणाचे चित्रण किंवा कागद बाहेर गेल्याचे कळले, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आता राहिले ते कागदांचे. ही चूक झाकून ठेवणे सोपे होते. कोणाला कळलेही नसते. पण पुढच्या रविवारी विहारात पालक जमले, तेव्हा मी उभा राहून सांगितले की, तुमचे कागद माझ्या हलगर्जीपणामुळे इतकी वर्षे उघड्यावर होते. कोणी घेतले की नाही हे मला ठाऊक नाही. आपापल्या पासबुकावर लक्ष ठेवा. अर्ज मंजूर झालेल्या मुलांचे कागद मी आता पुसून टाकले आहेत. सभेत थोडा वेळ शांतता होती. मग एक वयस्कर काका म्हणाले, "तू कागद कुठं ठेवतोस, हे आम्ही कधी विचारलं नाही. चुकलं ते दोघांचं. आता दर साली विचारू." मला कोणी काही बोलले असते, तर इतके लागले नसते. आता ते दर वर्षी विचारणार आहेत आणि मी उत्तर देणार आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निकाल दिला की, खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे आणि तो संविधानाच्या कलम २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कात सामावलेला आहे. सरकारपुढे हा हक्क सांगताना आपण मोर्चे काढू. पण आपल्याच घरात, आपल्याच आईचा तो हक्क तिने फडक्याने राखला, तेव्हा मी तिच्यावर रागावलो. ती शाळेत गेली नाही. ॲडमिन, राऊटर हे शब्द तिला ठाऊक नाहीत. आपल्याकडे कोणी पाहावे आणि कोणी पाहू नये, हे ठरविण्याचा अधिकार आपला आहे, एवढे मात्र तिला कोणी शिकवावे लागले नाही.

मी तिची माफी मागितली. कॅमेऱ्याची जागा बदलली. तो आता खाटेकडे पाहत नाही. मोरीचा उंबरठा आणि बाहेरचे दार एवढेच त्याला दिसते. तरीही आईने फडका टाकून दिलेला नाही. तो कॅमेऱ्याजवळच्या खिळ्याला अडकविलेला असतो. कपडे बदलताना ती तो टाकते आणि नंतर आठवणीने काढते. काढल्यावर कॅमेऱ्याकडे पाहून हात हलविते, म्हणजे कचेरीत बसलेल्या मला कळावे की ती ठीक आहे.